आधी भाषा निवडा

आप्पा, रविवारी दुपारी माझ्या जुन्या लॅपटॉपनं मला विचारलं, भाषा कोणती? खाली भाषांची रांग होती आणि तिच्यात मराठी होती. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. अजून तो धक्का ओसरलेला नाही, आणि ज्याला त्याचा अर्थ कळेल असं माणूस तुमच्याशिवाय मला सुचत नाही.

हा लॅपटॉप आपल्या सीमाभागातल्या वडगावच्या घरातला. तुमचा आवाज जगात याच एका ठिकाणी उरलाय. मी सहज काढलेला व्हिडिओ आहे तो. तुम्ही मागावर वाकलाय, संपत आलेल्या उभ्या ताण्याच्या टोकांना नव्या ताण्याचे धागे एकेक करून गाठवताय आणि मान वर न करता माझ्याशी बोलताय. गेल्या महिन्यात लॅपटॉप सुरूच होईना. दुकानदार म्हणाला, जुना झालाय, टाकून द्या. मग ऑफिसातली एक बाई म्हणाली, "विंडोजच्या जागी लिनक्स घालून बघा की. फुकट असतंय, जुन्या मशीनवर लई हलकं चालतंय. पेन ड्राइव्ह देते मी. बसवून झालं की जुन्या फायली दिसतील. फक्त कुठं 'इरेज' दिसलं तर तिकडं हात लावू नका, आतलं समदं जाईल."

तर पेन ड्राइव्ह लावला आणि त्या यंत्रानं, नाव नाही गाव नाही, पहिला प्रश्न भाषेचा विचारला. मी बायकोला हाक मारली. ती येळ्ळूरची लेक, मराठी पाटीसाठी पोलिसांच्या काठ्या खाल्लेल्या गावची, तुम्हाला माहीतच आहे. पदराला हात पुसत आली, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मोर्चा न्हाय, अर्ज न्हाय, आन् दिली व्हय मराठी?" हसली. मी मराठीवर बोट दाबलं.

मला विजेच्या कचेरीतला तो दिवस आठवत होता. दुसऱ्या मागासाठी मीटर हवाय आणि अर्ज फक्त कन्नडमध्ये मिळतोय. मी कॉलेजात आहे, कन्नड मला छान येतं. तुम्ही खिडकीशी उभे राहून मराठी अर्ज मागताय आणि आतला माणूस चांगुलपणानं म्हणतोय, "पोरगं भरतंय की, आप्पा, द्या त्याच्याकडं." मी पेन काढतो. तुम्ही माझ्या हातातून कोरा अर्ज घेता, घडी करून खिशात घालता आणि बाहेर येऊन म्हणता, "तुला येतंय म्हणून तू भरशील रं. ज्याला येत न्हाय त्यानं काय करायचं?" माग कितीतरी दिवस विजेवाचून उभा राहिला. आई तुमच्याशी धड बोलत नव्हती, आणि मला तर तुमचा हट्ट वेडेपणा वाटला होता.

आता ऐका पुढची गंमत. मराठी दाबल्याबरोबर सगळं मराठीत झालं. लिनक्सची 'प्रतिष्ठापना' करायची होती. आपल्याकडं गणपतीची करतात तेवढीच मला माहीत. फायलीला 'धारिका' काय, फोल्डरला 'संचयिका' काय, मी शाळेतल्यासारखा बोट ठेवून वाचत होतो. मग एक मोठा प्रश्न आला. जुन्या प्रणालीचं काय करायचं, म्हणून दोन पर्याय, दोन्ही लांबलचक. 'विभाजन कोष्टकाचे पुनर्लेखन' असलं काहीतरी. यातलं 'इरेज' कुठलं? तीनदा वाचलं, बायकोनं वाचलं. "मराठीच हाय न्हवं?" ती म्हणाली. मराठीच होती. दोघंही मराठी शाळेत शिकलेलो आणि आमच्यापुढं ठेवलेलं एक वाक्य आम्हाला कळत नव्हतं. आप्पा, चुकीचं बोट पडलं तर तुम्ही जाणार होता, दुसऱ्यांदा आणि कायमचे.

मी मागं गेलो आणि इंग्रजी निवडली. लगेच कळलं. एका ओळीत 'इरेज' होतं. दुसरीत होतं, जुन्याला हात न लावता शेजारी बसवा. ते दाबलं. तास गेला असेल. मग जुनी डिस्क उघडली, व्हिडिओ लावला आणि तुम्ही मागावर वाकलेले दिसलात. खटखटाटातून तुमचा आवाज आला, "जुनी टोकं तोडू नगंस. त्यास्नीच गाठव, म्हंजे परत पयल्यापासनं ववाय नको." बायको दारातच उभी राहून ऐकत होती. मी तो परत परत लावला.

तुम्ही असता तर काय केलं असतंत, हे मला ठाऊक आहे. कचेरीच्या खिडकीवरून परतलात तसेच लॅपटॉप मिटवून उठला असता, आणि आवाज गेला तर जाऊ दे म्हणाला असता. मला ते जमलं नाही.

हे सगळं त्याच लॅपटॉपवर मराठीत लिहिलंय. वर कोपऱ्यात इंग्रजीत सेव्ह लिहिलंय. भाषा केव्हाही बदलता येते म्हणे. रोज रात्री जेवल्यावर भाषांच्या त्या रांगेपर्यंत जातो, मराठीवर बोट नेतो, ते न कळलेलं वाक्य आठवतं आणि काढून घेतो. त्या कोऱ्या अर्जाबद्दल तुम्ही असताना विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून हे मी तुम्ही गेल्यावर लिहितोय.