धुतलेली पिशवी

सर, सायखेड्याच्या त्या माणसाचा गुडघा आता वाकणार नाही. आज हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून तसं सांगितलं आणि त्याचा कागद माझ्याकडे पाठवला.

मी तुमच्या हाताखाली नवी होते तेव्हा तो नाशिकला आपल्याकडे यायचा. मांडीचं हाड जुळलं होतं, गुडघा मात्र धरलेला. तुम्ही त्याला पायाला बांधायची वाळूची पिशवी दिलीत. दीड महिना सकाळ-संध्याकाळ पाय उचलायचा. जे नेमानं करतील त्यांचीच नावं तुम्ही गुडघा मोकळा करायच्या ऑपरेशनला पाठवायचात. घरी भरायच्या तक्त्यावर तुमचा विश्वास नव्हता. फुल्या दवाखान्याच्या पायरीवर बसूनही मारता येतात, म्हणायचात. तुम्ही पिशवी बघायचात. घाम, तेल, सारवलेल्या जमिनीचा डाग. मळलेली पिशवी म्हणजे नियमित. मला ते फार हुशारीचं वाटायचं.

त्याची पिशवी स्वच्छ निघाली. तुम्ही ती सगळ्यांसमोर वर धरता. "देव्हाऱ्यात ठेवली होती काय रे?" बाकावरचे पेशंट हसतात. "रोज केलंय सायेब," एवढंच तो म्हणतो. तुम्ही मला रजिस्टरात 'अनियमित' लिहायला सांगता आणि मी लिहिते.

बाहेर त्याची बायको बसली होती. तिला विचारलं.

"लय मळली होती ताई. डॉक्टरला परत द्यायची वस्तू तशी कशी द्यावी? वाळू काढून धुतली, परत भरून शिवली. ह्यांना ठाऊक बी नाय."

आत येऊन बघितलं तर शिवण खरंच नव्या दोऱ्याची होती. साहेबांना सांगते, असं मी तिला म्हणाले होते. पण तुमचा आवाज चढलेला होता, आणि मला नोकरीसाठी तुमची शिफारस हवी होती. उद्या सांगू म्हटलं. तो परत आला नाही. तुम्ही त्यानंतर नऊ वर्षं हयात होतात.

हे तुमच्या घरी पाठवणार नाही. तुमची नजर कधी चुकली नाही, असं तुमच्या पत्नी अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

दुपारी त्याच्या बायकोचा फोन आला. "तुम्ही सांगितलं होतं ताई, त्या सायेबांनीच ऐकलं नाय," असं ती मला म्हणाली. मी काठीचा विषय काढला. मंगळवारी दोघं काठीचं माप द्यायला येणार आहेत.