बिलातली तिसरी ओळ

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्याचा नमस्कार.

पत्राला दोन महिने उशीर झाला, माफ कर. आळस नव्हता, मी औषध वाचवत होतो. ते कसं, हे पुढे येईलच. तुझ्या गुडघ्याची सूज उतरली का? भाऊजी डोळ्यांत थेंब वेळेवर घालतात ना? (दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं थांबायचं असतं. ते थांबत नाहीत, मला माहीत आहे.)

माझी कंबर बरी आहे. पोटाच्या कातडीखाली पंप बसवल्यापासून बुटाची नाडी माझी मी बांधतो. त्याआधीचं वर्ष तुला आठवत असेल, न्हाव्याला घरी बोलवावं लागायचं आणि मी पालथा पडलेला असतानाच तो केस कापायचा. आता पोटात एक चपटी डबी आहे, तिच्यातून बारीक नळी मणक्याकडे जाते आणि दुखण्याचं औषध थेंब थेंब सुटतं. दर तीन महिन्यांनी डॉक्टर वरून सुई टोचून डबी भरतात. भरायला अर्धा तास लागत नाही, बिल मात्र तीन पानांचं.

मागच्या खेपेच्या बिलात शेवटी तीन ओळी होत्या. औषध, औषध भरणे आणि पंपाची तपासणी. या तिसऱ्या ओळीवर मी अडलो. तपासणी केली कुणी? मी तर टक्क जागा होतो, छताचे चौकोन मोजत होतो, अकरा आहेत. बिलाच्या खिडकीत एक बाई बसतात (चष्मा लावतात, पण बघतात चष्म्याच्या वरून), त्यांना मी म्हणालो, जे झालंच नाही त्याचे पैसे कसले? त्या म्हणाल्या, "काका, विमा कंपनी देते ते. तुमच्या खिशातून जातंय का काही?" मी म्हणालो, कंपनीचा झाला तरी पैसा तो पैसाच. मागे रांग चुळबुळ करायला लागली. त्या म्हणाल्या, "मग द्या लिहून."

आणि ताई, मी दिलं लिहून! माझ्या पंपाची तपासणी झालेली नाही, सबब ती ओळ काढावी. (सबब कुठे घालायचं ते तूच शिकवलंस.) खाली सही, तारीख. घरी येऊन तुझ्या भावजयीला सगळं दोनदा सांगितलं.

तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. तपासणी झाली नसेल तर डबीत औषध किती उरलं होतं हे कळलं कसं, आणि कळलं नसेल तर भरलं कशाला? सबब संपूर्ण बिल नामंजूर. (त्यांनाही सबब घालता येतं.) शिवाय हे मिटेपर्यंत पुढचं भरणंही मंजूर नाही. पदरचे पैसे भरणं आपल्या आवाक्यात नाही. आकडा लिहीत नाही, भाऊजींना रक्तदाब आहे.

मी खिडकीकडे धावलो. बाईंनी माझाच कागद आतून काचेला लावून दाखवला. म्हणाल्या, "अक्षर मात्र सुरेख आहे हो काका." डॉक्टरांकडे तपासणीची नोंद आहे, पण पेशंटच सही करून नाही म्हणतो, तर कंपनी कुणाचं ऐकणार? पहिला अर्ज चुकीचा होता असा दुसरा अर्ज मलाच द्यावा लागेल.

तोवर आहे ते औषध पुरवायचं ठरवलं. आपण हललो की पंप चालणार, असा माझा हिशेब. म्हणून मी खुर्चीतून उठणं सोडलं. पत्र लिहिताना हात हलतो, म्हणून तेही बंद. दोन महिने तुझ्या भावजयीने सोसलं, मग डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आजोबा झोपले काय नि नाचले काय, पंप ठरलंय तेवढंच सोडतो. तेव्हापासून ती मला दिवसातून तीनदा भाजी आणायला पाठवते.

बाकी सगळं ठीक. काळजीचं कारण नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. तो दुसरा अर्ज तू लिहून दे. मी तीन मसुदे केले. पहिल्यात मी मूर्ख ठरतो, दुसऱ्यात डॉक्टर, तिसऱ्यात दोघंही. तू मुख्याध्यापिका होतीस, जन्मभर लोकांचे अर्ज परत पाठवलेस, तुला जमेल. औषध बारा तारखेपर्यंत आहे. त्यानंतर पुन्हा मी पालथा आणि न्हावी घरी.

आणखी एक ता. क. अर्जात कारण द्यावं लागेल, म्हणून खरं ते सांगतो. वाचून हा भाग फाडून टाक. नर्सबाई म्हणतात, त्यांनी पोटावर यंत्र धरून पंप तपासला तेव्हा मी घोरत होतो. मी ठाम नाही म्हणालो. मग परवा त्या खोलीत डोकावून आलो. छताला चाळीस चौकोन आहेत.

शेवटचं. पाकीट चिकटवतच होतो, तेवढ्यात पोटात पंप वाजायला लागला. औषध तळाला गेलं की तो असा वाजतो. तुझी भावजय फोन समजून घरभर उशा उचलते आहे, आणि मी तोंड उघडलेलं नाही. ताई, अर्ज मिळताच पाठव. गुडघ्याचं सावकाश कळवलंस तरी चालेल.