राहूची पांढरी रुई

रविवार, ७ मार्च १९७६. दौंड

पुन्हा तेच! राहू गावच्या गायरानातल्या पांढऱ्या रुईवरच्या पिशव्या फाडून टाकलेल्या. भुंगा शिरू नये म्हणून कळ्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधते, मग जांभळ्या रुईचा पराग स्वतः लावते. त्या बियांतून पांढरी रुई उगवते की जांभळी, एवढंच पाहायचंय. गावाजवळ पांढरी जास्त, माळावर जवळजवळ नाहीच — असं का? माणसं मारुतीसाठी राखतात म्हणून, की झाडाच्या वंशातच काही आहे? पीएच.डी.च्या पुण्याच्या सरांना पावसाळ्याआधी बी दाखवायचंय. काय दाखवू, कप्पाळ!

वारा नव्हे. वाऱ्यानं गाठ सुटेल, कापड फाटणार नाही. कोवळी बोंडंसुद्धा खुडलेली. चीक वाळून काळा पडलेला.

बुधवार, १० मार्च

शाळेत दिवसभर लक्ष नाही. पोरांना फुलाचे भाग शिकवत होते आणि डोक्यात एकच — कोण?

रविवार, १४ मार्च

गायरानाला लागून पोपटरावांचं शेत. ते बांधावर उभेच होते. म्हणाले, "बाई, मानसांची चाललीच हाय, आता झाडांची बी नसबंदी व्हय?" सोबतचे खदखदून हसले. मी नाही हसले.

पहिल्या वेळी याच माणसानं नाव विचारलं होतं. मग गाव. मग आडनाव. आडनाव ऐकल्यावर "असं व्हय" म्हणून गप्प. ते गप्प होणं मी लहानपणापासून ओळखते.

आज चार पिशव्या गेल्या. दुसरं कोण असणार!

शुक्रवार, १९ मार्च

हे रेल्वेच्या ड्यूटीवरून आले, चहा त्यांनीच केला. म्हणाले, "कशाला त्या गावात जीव आटवतेस? आपलं शिकणं त्यांना कधी बघवलंय? सोड आता." किती मायेनं बोलले! रडूच आलं.

पण सोडणार नाही.

रविवार, २१ मार्च

शिरूरला गेले, घोडनदीकाठची झुडपं बघायला; तिथंही पिशव्या बांधल्यात. एकही पिशवी हललेली नाही! दोन बोंडं छान धरलीत. म्हणजे गुरं नाहीत, माकडं नाहीत. राहूचाच माणूस. मला तर नावही माहीत आहे.

रविवार, २८ मार्च

तोंडावर बोलले. "पिशव्या तुम्हीच फाडता!"

पोपटराव चिडले नाहीत, त्याचंच नवल. "मला काय करायची तुमची रुई? त्या दिशी हसलो, ते चुकलंच. पर बाई, तुम्ही इचारलं न्हाई. सरळ चोरच ठरीवलं." आणि पाठ फिरवून चालू लागले.

शेळ्या राखणारी सोजरबाई सगळं ऐकत होती. जवळ आली. "त्येंनी न्हाई वो काडल्या. तुमचं मालक येत्यात की, बुधवारच्या बुधवारी. पिशव्या काडत्यात, बोंडं खुडत्यात. मला वाटलं, तुम्हीच धाडलं असंल."

"कोण मालक?"

"पयल्या बारीला तुमच्यासंगं आल्यालं, त्येच. रेल्वेचं खाकी कापडं."

मी तिला खोटारडी म्हणाले. म्हातारी शेळ्या हाकत निघून गेली.

बुधवारी ह्यांची सुट्टी असते.

सोमवार, २९ मार्च

विचारलं. नाही म्हणाले नाहीत. नखं कुरतडू लागले. मग — "तू डॉक्टर होणार, पुण्याला जाणार. मी डब्यांना तेल घालणारा. मग माझं काय?"

"मला म्हणायचं होतंत!"

"काय म्हणायचं? जाऊ नको म्हणायचं? लोक हसले असते मला."

मग हळूच म्हणाले, "तुझा संशय त्या गावावरच जाणार, हे मला ठाऊक होतं."

माझी जुनी जखम ह्यांना पुरती माहीत. मीच दाखवलेली. आणि ह्यांनी तीच वापरली! पिशव्यांचं एक वेळ विसरेन. हे कसं विसरू?

रात्रभर एकमेकांकडे पाठ.

रविवार, ४ एप्रिल. राहू

सोजरबाईच्या पडवीत ट्रंक ठेवली. तिची आणि पोपटरावांची माफी मागितली. ती हसली, ते नुसतं "बरं बरं" म्हणाले. नव्या कळ्या बांधल्या. दौंडच्या घराची किल्ली ह्यांच्या हातात ठेवून आले.