घरची कल्हई

४ नोव्हेंबर १९७९

पोचलो बुवा एकदाचा भोपाळला! क्वार्टर फर्स्ट क्लास. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं अंगण, अंगणात पेरू आणि नळाला दिवसभर पाणी. साताऱ्यात सांगितलं तर थापा म्हणतील. भोंगा झाला की अख्खी टाऊनशिप सायकलींवर कारखान्याकडे निघते. कांचन आणि वसू जानेवारीत येतील. वसू सात महिन्यांची झाली. सासूबाईंचा हुकूम आहे, आधी घर लावा, मग लेकीला पाठवू. तोवर मी राजा! शेजारच्या सुलभाताई ग्वाल्हेरच्या. मुलं इंदूरला शिकायला, घरात दोघंच. मराठी शेजार मिळाला म्हणून त्यांनी आल्या आल्या चहा-पोहे दिले.

१८ नोव्हेंबर

कारखान्यात आमच्या शॉपमधल्या भालचंद्राकडे आजोबांची ठासणीची बंदूक आहे, रीतसर परवान्याची. रविवारी शहराबाहेर बंद पडलेल्या खाणीत जाऊन मडकी फोडतो. गोळ्या घरीच ओतायच्या. हे ऐकलं आणि माझे हात शिवशिवले. गडी जन्माचा उज्जैनचा, मराठी निम्मी हिंदीत. म्हणाला, सीखून घ्या साहेब, मजा येते. जुना साचा देऊनच टाकला.

२ डिसेंबर

ओतल्या! गोविंदपुऱ्यातल्या भंगारवाल्याकडून शिशाचे जुने पाइप आणि एक फुटकी लोखंडी कढई आणली. स्वयंपाकाची कढई वापरली नाही, एवढी अक्कल आहे मला. अंगणात स्टोव्ह पेटवला. शिसं हळूच बसतं आणि मग एकदम पाणी होतं, वरची मळी झाऱ्यानं काढायची. पहिल्या वीस गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या. भालचंद्र म्हणाला, साचा गार होता, आणि शिशात जरा कथील घाला, म्हणजे कोपऱ्यापर्यंत धावतं. घातलं. काय गोळी निघाली, नुसती चांदी! उरलेल्या मिश्रणाच्या पट्ट्या ओतून ठेवल्या. शिसं विषारी असतं, हात धुवा, हे त्यानं तीनदा बजावलं. मीही तीनदा धुतले.

१३ जानेवारी १९८०

ट्रान्सपोर्टनं कांचनची भांडी आली, ती स्वतः बुधवारी येतेय. त्यात तिच्या आईनं दिलेलं पितळी पातेलं आहे. आमटी करीन तर त्यातच, नाहीतर करणार नाही, असा बाईसाहेबांचा बाणा. पण आतली कल्हई पार उडालेली. तशीच आमटी केली तर कळकणार. इकडे कल्हईवाला कधी उगवतो देव जाणे. म्हटलं, आपण धातू वितळवणारी माणसं, आपल्याला काय अवघड आहे? कथील संपलं होतं, दुकान रविवारचं बंद. गोळ्यांच्या पट्ट्या पडल्याच होत्या, त्यात कथील आहेच की! पातेलं तापवलं, नवसागर टाकला, पट्टी घासली, कापूस फिरवला. आरशासारखं झळकलं. सुलभाताईंनी कुंपणावरून पाहिलं आणि स्वतःचं पातेलंही आणून दिलं. तेही करून दिलं.

मनात एकदा पाल चुकचुकली, खोटं कशाला बोलू. पण भांड्याला चिकटलेलं शिसं जाऊन जाऊन जाणार कुठं?

२७ जानेवारी

कांचन पातेल्यावर बेहद्द खूश. सुलभाताईंना म्हणाली, आमचे हे कशालाही हात घालोत, सोनंच करतात. छाती फुगली माझी. रोज आमसुलाची आमटी, आणि वसूला त्याच पातेल्यातलं वरणाचं पाणी. आमटीची चव काही औरच. गोडसर. मी तीन वाट्या ओरपतो.

१७ फेब्रुवारी

वसूचं काहीतरी बिनसलंय. आल्यावर घरभर रांगत होती, आता पडून असते. पोट साफ नाही, अंगावरचं दूध ओकते. वरणाचं पाणी मात्र हसत पिते. दात येत असतील, सुलभाताई म्हणाल्या. त्यांच्याही पोटात कळा येतात म्हणे.

जेवताना सहज म्हटलं, आज गूळ जास्त झाला. कांचन म्हणाली, गूळ तर आठ दिवस झाले संपलाय.

२ मार्च

आज कल्हईवाला आला. कांचन वसूला घेऊन सुलभाताईंकडे गेली होती. फुशारकी मारायची म्हणून मीच त्याला पातेलं दाखवलं. त्यानं आतून बोट घासलं. बोट काळं झालं. ते त्यानं माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, हे कुणी केलं? हे शिसं आहे, यात आंबट शिजवलं तर उतरतं, पोरंबाळं मरतील.

मी म्हणालो, बाजारातून करून आणलं होतं.

वर म्हणालो, नंतर ये. तो गेला. मी त्याला जाऊ दिलं. कांचन परतायच्या आत जाऊ दिलं.

४ मार्च

डॉक्टरांनी वसूच्या हिरड्या पाहिल्या, रक्त घेतलं, तपासायला मुंबईला पाठवतो म्हणाले, रिपोर्टला महिना लागेल. विचारलं, घरात रंगकाम, बॅटरी, शिशाचं काही? कांचननं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे गोळ्या ओतण्याचं तिला माहीत आहे.

मी म्हणालो, ते सगळं अंगणात, डॉक्टर. मी हात धुतो.

खरं आहे ना, धुतो हात. नीच आहे मी. नीच.

५ मार्च

पातेलं तलावात टाकलं. पहाटे, सायकलवरून. बुडताना चमकलं.

कांचन रडतेय. आईची आठवण होती ती. भांडी घासणाऱ्या बाईनं नेलं म्हणते. बाईला काढलं. ती बिचारी लेकराच्या शपथा घेत होती. मी दारात उभा, ऐकत.

१३ मार्च

वसू पुन्हा बसली! आधाराशिवाय! देवा, तुझे उपकार. आता सांगायची गरजच काय? झालं गेलं—

सुलभाताईंच्या पातेल्याचं राहिलंय. काहीतरी निमित्त काढून मागून घेतो. उद्या.

१४ मार्च

नाही गेलो. का हवंय विचारलं तर?

१५ मार्च

आजही नाही. ताई अंथरुणावर आहेत. कळा. मी कुंपणापाशी गेलो होतो. परत आलो.

१६ मार्च

कांचन पातेल्यासाठी दहा दिवस झुरत होती. सुलभाताईंना पाहवलं नाही. आज सकाळी आपल्या यजमानांच्या हाती पातेलं पाठवून दिलं. स्वतःचं. कांचनला निरोप असा, तुझ्या यजमानांच्याच हातची कल्हई आहे, पोरीला यातच वरण कर.

मी अंघोळीला होतो. बाहेर आलो तर वरण शिजलेलं.

सांगतो. आत्ता. आधी नीट शब्द जुळवावे म्हणून वही घेतली. कांचन, मी— असं नको. कांचन, ते पातेलं—

आतून वाटी-चमच्याचा आवाज. वसूचं हसणं. उठायला हवं. पेन खाली ठेवायचं आणि चार पावलं. ठेवत नाहीये. लिहितोय. कांचन हाका मारतेय, म्हणते, अहो, या तर खरं, बघा पोरगी कशी मिटक्या मारत—