एच ओळीत कोण गुणगुणतं?

५ ऑक्टोबर, शनिवार

ऑपेराचं सीझन तिकीट काढलं. दोन खुर्च्या. ओळ एच, नंबर अकरा आणि बारा. अकरा माझी, बारा सौ.ची. पद्धत मोठी छान आहे. एकदा सीझन तिकीट घेतलं की वर्षभर तीच खुर्ची, तेच शेजारी.

सौ. सध्या बहिणीकडे असते. हवापालट. दुसरं वर्ष चालू आहे. पण एखाद्याला हवा मानवली तर उगाच घाई कशाला करायची?

योजना: सौ.ला ऑपेराची गोडी लावणे. गोडी लागली की ती शहरात येणार. शहरात आली की घरी येणार. यात न जमण्यासारखं काही नाही.

संकल्प: प्रत्येक ऑपेराची गोष्ट आधी वाचून जाणे. झोप न काढणे. सौ.ला दर वेळी तिकीट पोस्टाने पाठवणे, सोबत चिठ्ठी. आग्रह अजिबात नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

पहिला खेळ. बारा नंबर रिकामा. सकाळी फोन केला होता, मेहुणीने उचलला. म्हणाली, ताई कामात आहे, यायचं बघू. कसलं काम ते विचारलं नाही. मी तसा चौकस माणूस नाही.

गोष्ट: राजाला राणीचा संशय येतो. दोन वाक्यांत मिटला असता, पण दोघंही गात असल्यामुळे तीन तास लागले. गाणं परक्या भाषेत. अर्थ स्टेजच्या वर एका पट्टीवर उमटतो. खाली पाहावं तर काही कळत नाही, वर वाचावं तर तेवढ्यात खाली तलवार चालून जाते. मान धरली आहे.

तरी एक सांगतो. शेवटी राणी एकटीच उभी राहून एकदम हळू आवाजात गायला लागली. वाद्यं जवळजवळ थांबली. दोन हजार माणसं, पण कोणी खोकलंसुद्धा नाही. अंगावर काटा आला. सांगायला शेजारी वळलो, तर खुर्चीवर माझाच कोट.

तक्रार: आमच्या ओळीत कोणीतरी गुणगुणतं! गाणं हळू झालं की यांचं सुरू. संशय दहा नंबरवर. जाडजूड गृहस्थ, सारखा घसा खाकरतात. नाव ठेवलं आहे कफवाले. माझे कान फसायचे नाहीत. मी लिफ्ट इन्स्पेक्टर आहे. मशीनरूममध्ये डोळे मिटून उभा राहतो आणि कुठलं बेअरिंग जाणार ते नुसत्या आवाजावरून सांगतो.

९ नोव्हेंबर, शनिवार

उशीर झाला. इथे पडदा वर गेला की दार बंद. मग तुम्ही कोणी का असेना, मध्यंतरापर्यंत बाहेर. उशिराचं कारण: बस स्टँडवर सहज चक्कर मारली होती. संध्याकाळची बस कधीकधी लेट असते, म्हणून जरा थांबलो. बस वेळेवर आली होती. रिकामी झाली, तरी थोडा वेळ थांबलो.

पहिला अंक बाहेरच्या हॉलमधल्या छोट्या टीव्हीवर पाहिला. सोबतीला टॉर्चवाल्या बाई. अंधारात प्रेक्षकांना जागा दाखवतात त्या. त्यांनी विचारलं, मिसेस येणार आहेत का? म्हटलं, वाटेत आहेत. व्यापक अर्थाने खरंच आहे.

गुणगुणणं इथेही ऐकू आलं! बंद दारातून! कफवाल्यांनी अगदी ताळतंत्र सोडलेलं दिसतंय. टॉर्चवाल्या बाईंच्याही कानावर गेलं असावं, कारण त्या माझ्याकडे बघून कसंनुसं हसल्या आणि टीव्हीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

१४ डिसेंबर, शनिवार

आजचा दिग्दर्शक आधुनिक होता. राजवाड्याच्या जागी लाँड्री. सेनापती वॉशिंग मशीनमधून बाहेर आला. नायिका आजारी होती, तिच्या बदली दुसरी आली. जाहीर झाल्यावर सगळ्यांनी आधी सुस्कारे सोडले आणि नंतर टाळ्या वाजवून हात लाल केले. मीही. बारा नंबरच्या वतीनेही थोड्या वाजवल्या.

दुसऱ्या अंकात कहर. पुढची अख्खी ओळ मागे वळून आमच्याकडे बघायला लागली. मीही वळून कफवाल्यांकडे रागाने पाहिलं. ते माझ्याकडे रागाने बघत होते. चोराच्या उलट्या बोंबा!

मध्यंतरात मॅनेजरकडे लेखी तक्रार दिली. भाषा सौम्य, पण धार होती. गप्प बसतो म्हणजे भित्रा आहे असं कोणी समजू नये.

नवा संकल्प: सौ.ला चिठ्ठीत फक्त ऑपेराची गोष्ट लिहिणे. घरच्या नळाचं, माझ्या पाठीचं काही नको.

१८ जानेवारी, शनिवार

तक्रारीची दखल घेतली गेली. पहिला अख्खा अंक टॉर्चवाल्या बाई आमच्या ओळीच्या टोकाशी उभ्या होत्या. मध्यंतरात माझ्यापाशी आल्या, वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, साहेब, सापडलं. म्हटलं, शाब्बास, कोण? म्हणाल्या, तुम्हीच.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मी लिफ्टचं, बेअरिंगचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमचं तुम्हाला कळत नसेल साहेब, होतं असं. आवाज अगदी मऊ. मला राग यायला हवा होता, पण इतक्या मऊपणे माझ्याशी कोणी बऱ्याच दिवसांत बोललं नव्हतं, त्यामुळे राग जरा उशिरा आला.

चौकशी ढिसाळ आहे. कफवाल्यांनी बाईंना फितवलं असणार.

दुसऱ्या अंकात मी मुद्दाम खोकल्याची गोळी तोंडात धरून बसलो. गुणगुणणं पूर्ण बंद! याचा अर्थ उघड आहे. चौकशीच्या भीतीने कफवाले वरमले.

२ फेब्रुवारी, रविवार

फोन सौ.ने स्वतः उचलला! म्हणाली, चिठ्ठ्या वाचते, गोष्टी आवडतात. त्या लाँड्रीवाल्या राजाचं पुढे काय झालं म्हणून विचारलं. मार्चच्या खेळाला या, म्हटलं. (तोंडातून 'या' गेलं. दोन वर्षांनी माणूस जरा औपचारिक होतो.) ती म्हणाली, बघते.

मेहुणीच्या 'बघू'त आणि सौ.च्या 'बघते'त जमीनअस्मानाचा फरक आहे. 'बघते' म्हणजे येते.

आणखीही बरंच बोलत होती. नीटसं लक्षात नाही, पण आवाज प्रसन्न वाटला.

कामं: पडदे धुणे. नळ दुरुस्त करणे. केस कापणे. तिच्या उशीला नवा अभ्रा.

१५ मार्च, शनिवार, मध्यंतर

कार्यक्रमपत्रिकेच्या मागे लिहितो आहे. सौ. आली!! निळी साडी. केस पिकले आहेत, छान दिसतात. ते सांगायचं राहिलं.

बारा नंबरवर सौ. बसली आहे, या विचारानेच पहिल्या अंकातलं निम्मं कळलं नाही. आणि मग ते हळू गाणं आलं. कोळ्याची बायको किनाऱ्यावर वाट बघत उभी आहे, ते. अंधारात सौ.ने माझ्या मनगटावर हात ठेवला. स्वतःहून! मी हललो नाही. मग तिने दाबला. थोड्या वेळाने पुन्हा, जास्तच घट्ट. लग्नाच्या पहिल्या वर्षीसुद्धा चारचौघांत तिने असं केलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. सगळं गाणं अंगातून वाहत होतं.

योजना शंभर टक्के यशस्वी. पडदे धुतले ते बरं झालं.

कफवाल्यांचं पुन्हा सुरू झालं होतं, पण आज माफ.

सौ. कॉफी आणायला गेली आहे. रांग मोठी असावी. घंटा झाली. दुसरी घंटा.

१६ मार्च, रविवार, सकाळी

ती जागेवर परत आलीच नाही. दुसऱ्या अंकात मी चारदा मागे वळून पाहिलं. सगळ्यात मागे, उभ्याने बघणाऱ्यांच्या कठड्याशी निळी साडी दिसली. वाटलं, पाय अवघडले असतील.

खेळ सुटल्यावर जिन्यात भेटली. डोळे रडून लाल. म्हटलं, कोळी बुडाला म्हणून का? म्हणाली, इतकं सुंदर मी जन्मात ऐकलं नव्हतं. मग म्हणाली, पण पहिला अंक मला ऐकूच आला नाही. मी कफवाल्यांचं सांगायला लागलो. ती म्हणाली, अहो, तुम्ही. तुम्ही गुणगुणत होतात. मी हात दाबत होते तो गप्प बसा म्हणून.

लोक आमच्या दोन्ही बाजूंनी उतरत होते. मी कठडा धरून उभा राहिलो.

ती चिडली नव्हती. चिडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. म्हणाली, घरीही हेच. मी काही बोलायला लागले की तुमचं गुणगुणणं सुरू. आधी वाटायचं, मुद्दाम करता. मग कळलं, मुद्दाम नाही, माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचतच नाही. ते जास्त लागलं. इथे निदान मागे जाऊन उभं राहता आलं. घरात कुठे जाणार होते? म्हणून ताईकडे गेले. हवापालट ही आपली म्हणायची पद्धत, एवढंच.

वर 'ताईकडे' लिहिलं ते चुकलं, ती धाकट्या बहिणीकडे गेली. ती काय म्हणाली ते मी आत्ताही नीट लिहिलेलं नाही.

मग तिने माझे आभार मानले. खरंच मानले. म्हणाली, तुमच्यामुळे ही गोडी लागली. पुढच्या वर्षी ती स्वतःचं सीझन तिकीट काढणार आहे. रविवारी दुपारच्या खेळांचं. एक खुर्ची. माझे खेळ शनिवारी असतात हे तिला ठाऊक आहे.

बस स्टँडपर्यंत सोडायला गेलो. वाटेत मी ओठ घट्ट मिटून चाललो होतो. तिला वाटलं असेल, रागावलो.

१८ मार्च, मंगळवार

ऑपेराच्या ऑफिसातून फोन. पुढच्या वर्षी अकरा आणि बारा दोन्ही ठेवायच्या का? म्हटलं, अकरा ठेवा. मुलीने विचारलं, मग बारा दुसऱ्या कोणाला दिली तर चालेल ना? म्हटलं, द्या. वर म्हटलं, शक्यतो कमी ऐकू येणाऱ्या माणसाला द्या. ती हसली. तिला विनोद वाटला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून होतो. या ओट्याशी उभी राहून सौ. इतकी वर्षं माझ्याशी बोलत होती. रोज बोलायची. काय बोलायची ते आठवून पाहिलं. खूप प्रयत्न केला. तिचं एकही वाक्य आठवलं नाही. मी काय गुणगुणत होतो, ते मात्र सगळं आठवलं.