काळ्या ढगाच्या पुढे

२० एप्रिल, रविवार

फुंकर मारायची की नाही – पुन्हा तेच! सकाळपासून जुन्या टीव्ही गेमवाल्यांच्या आमच्या ग्रुपवर दुसरा विषय नाही.

मी एकदाच लिहिलं. तोंडातली वाफ कॅसेटच्या पिनांवर बसते, पिना गंजतात. कॅसेट काढून परत बसवली म्हणून गेम चालू होतो, फुंकरीने नाही. पिना स्पिरिटने पुसा. कानात घालायची कापसाची काडी पुरते.

बिलोलीचा केरबा – "ताई, तुमच्या स्पिरिटपेक्षा आमच्या फुंकरीत जान हाय!" याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. निदान याने तरी असं बोलू नये.

लातूरचा अंबरीश कॉलेजात इतिहास शिकवतो आणि घरात कॉमिक्सचे ढीग लावतो. तो म्हणतो, "ग्रुपचं नाव फुंकर मंडळ आहे, भार्गवी. तू थेट घटनेवरच घाला घालतेस."

हसू आलं. ग्रुपवर टाकलं नाही.

२३ एप्रिल

केरबाने पहिल्यांदाच जपानी कॉमिक वाचायला घेतलं – डावीकडून. निम्मं वाचून झाल्यावर विचारतो, "मेलेला माणूस परत जेवायला कसा काय बसला?"

अंबरीशने त्याला उजवीकडून वाचायला सांगितलं. केरबा – "मग मी भूत समजून एवढा भिलो ते फुकट का?"

२५ एप्रिल

नायगावला दवाखान्यातला मॉनिटर दुरुस्त केला. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, इंजिनिअर नाही आले का सोबत?" तोच प्रश्न. तेच उत्तर – मीच.

गावात शिवशंकर पाव्हण्याच्या लग्नाला आला होता, किल्लारीहून. दोन वर्षं ग्रुपवर भांडतो, प्रत्यक्ष आज बघितला. फेटा, कपाळाला गंध, हातात आहेराची पिशवी. पिशवीत लहानपणचा टीव्ही गेम!

"लई वर्षं बंद हाय, ताई. लातूरला आपल्या ग्रुपच्या मेळाव्यात टेबलावर मांडायचा हाय. चालू करून द्या, बास."

मी घेतला. निघाले तर – "जेवल्याबिगर कुठं?" वरण, भजी, बुंदी. बसवून वाढलं. नाही म्हणायला जमलं नाही.

२६ एप्रिल

गेमचा डबा उघडला. आत ज्वारीचे दाणे आणि एक वाळलेली पाल. रेग्युलेटर जळालेला, दोन कॅपॅसिटर फुगलेले. सोपं काम.

रिमोट जरा विचित्र. डावं बटण गोळीचं – आतलं रबर जवळपास नवं. उजवं उडीचं – रबर झिजून पार गुळगुळीत. नवं टाकलं.

बाहेरून सगळंच पिवळं. जुनं प्लॅस्टिक पिवळं पडतंच. हात लावण्याआधी फोटो काढून ठेवले. नेहमी काढते.

२७ एप्रिल, रविवार

चालू झाला! टीव्हीवर चित्र आलं तेव्हा बाबासुद्धा पेपर खाली ठेवून आले.

कॅसेटवरचं नाव फाटलेलं आहे. ग्रुपवर सगळे त्याला 'ढगवाला' म्हणतात. एक टोपीवाला ढगांवरून उड्या मारत जातो, मध्ये कावळे येतात, त्यांना गोळ्या घालायच्या. शेवटी एक काळा ढग येतो. त्याच्यापुढे आमच्यातलं कोणीच कधी गेलेलं नाही. मीही तिथेच मेले.

पुढे काय आहे यावर ग्रुपवर दंगल. अंबरीश – "काही नाही. खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. इतिहासासारखा." केरबा – "राणी असणार! एवढं मरमर मरून राणी न्हाई तर काय मिळणार?" शिवशंकर – "मी किल्लारीत पहिला होतो. एकबी कावळा जिता सोडला न्हाई. पर त्या ढगानं मलाबी खाल्लं."

मी म्हटलं, चिप काढून संगणकावर वाचते, दहा मिनिटांत कळेल. एकमताने ठराव नामंजूर. खेळूनच बघायचं म्हणे. या लोकांना उत्तर नकोच आहे, भांडण हवं आहे.

मलाही, बहुतेक.

१ मे

सुट्टी. गच्चीवर आईच्या कुरडया. त्यांच्या शेजारी माझा कारखाना – टीव्ही गेमचं झाकण, रिमोटचं कव्हर, सुटी बटणं. सगळ्याला पार्लरमधलं केस ब्लीच करायचं क्रीम फासलं, वर पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळलं आणि ठेवलं उन्हात. पिवळेपणा जातो. याला कडक ऊन लागतं. नांदेडला त्याची ददात नाही.

आई – "माझ्या कुरडयांशेजारी हे कुणाचं मढं झाकून ठेवलंस?"

शिवशंकरला सांगितलेलं नाही. एकदम दाखवणार.

३ मे

पांढराशुभ्र! आजच खोक्यातून काढल्यासारखा. ग्रुपवर फोटो टाकला. आधी आणि नंतर, शेजारी शेजारी.

केरबा – "ताई, हा तर सोयरिकीला काढलेला फोटो दिसायलाय!" अंबरीशने टाळ्यांची रांगच लावली.

शिवशंकरने बघितलं. काही लिहिलं नाही.

४ मे, रविवार

त्याचा फोन आला. आवाज अगदी साधा. तेच वाईट.

"ताई, चालू करा म्हणलं होतं."

मी म्हटलं, पिवळा पडला होता म्हणून–

"पिवळा पडला नव्हता. हळद होती ती. आईची बोटं. मी शाळेतून यायचो तवा ताजी बोटं दिसायची डब्यावर. एकदा इचारलं. म्हणली, पूजा केली. तुझं अवजार हाय ना ते, दसऱ्याला ट्रॅक्टरला लावतो तसं. टेबलावर तेच दावायचं होतं मला, आमच्या घरात ह्याची पूजा व्हायची म्हणून."

मी माफी मागितली. नीट, पूर्ण वाक्यात.

"जाऊ द्या. पर मेळाव्यात न्हाई मांडणार आता."

संध्याकाळी आईला सांगितलं. ती कुरडया डब्यात भरत होती. "हळदीचा डाग उन्हात उडतो, एवढं इंजिनिअरिंगला शिकवत नाहीत का?"

नाही शिकवत.

६ मे

ग्रुप उघडला नाही. त्याने फक्त चालू कर म्हटलं होतं. मी न विचारता पुसलं. दुरुस्ती करणाऱ्या माणसाने करू नये ते हेच.

९ मे

आधीचे फोटो मोठे करून बघत बसले. म्हटलं, ठसे कुठे होते ते तरी कळू दे. जमलं तर त्याला छापून देऊ.

आणि आता काही तरी जुळतच नाही!

झाकणावर चालू-बंदच्या बटणाजवळ एक अंगठा. ठीक. पण सगळ्यात गडद पिवळं रिमोटवर – डाव्या हाताच्या, दिशा बदलायच्या फुलीवर आणि उडीच्या बटणावर. गोळीचं बटण कोरं. पूजा करणारी बाई एकच बटण निवडून हळद का लावेल? दसरा वर्षातून एकदा येतो. मग शाळेतून आल्यावर ताजी बोटं कशी? आणि एकही कावळा जिवंत न सोडणाऱ्या मुलाच्या रिमोटवर गोळीचं रबर नवं कसं?

झिजलं होतं ते उडीचं. म्हणजे या रिमोटवर जास्त खेळणारा माणूस गोळ्या घालतच नव्हता. नुसत्या उड्या. आणि त्या माणसाच्या हाताला हळद होती. स्वयंपाकाची!

साखराबाई खेळत होत्या. शिवशंकरची आई!

एकटीच मोठ्याने हसले. आई दारात येऊन बघून गेली.

११ मे, रविवार

शिवशंकरला हे सांगितलं की मी सुटले. मी कुठली पूजा पुसलेली नाही. भाजी फोडणीला टाकून खेळायला बसलेल्या बाईच्या हाताचे डाग पुसले.

दोनदा मेसेज लिहिला. दोनदा खोडला.

बाईंनी पोराला पूजा म्हणून सांगितलं. इतकी वर्षं तेच धरून ठेवलं. काही कारण असेल. मला ते माहीत नाही. न विचारता एकदा पुसलंय. पुन्हा नाही.

१४ मे

अंबरीशचा फोन – मेळाव्याला शिवशंकर येणार. आईला घेऊन! ती हट्टालाच पेटली आहे म्हणे. डबा धुणारी पोरगी बघायची आहे. तिनेच सांगितलंय, डबा घेऊन ये म्हणावं.

केरबा ग्रुपवर – "ताई, हेल्मेट घालून या."

१८ मे, रविवार

लातूर. एका मंगल कार्यालयाचा लहान हॉल. वर पंखे, खाली टेबलं. अंबरीशची कॉमिक्स – 'इन्स्पेक्टर गोखरू'चे सगळे अंक प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, आणि कुणी हात लावू नये म्हणून तो स्वतः समोर उभा. त्याला एकच भीती, गोखरूवर सिनेमा निघेल आणि इन्स्पेक्टरला बर्फात नाचवतील. केरबा तिकडे कॉलेजच्या मुलांना फुंकर मारायचं प्रात्यक्षिक देत होता. माझ्याकडे बघून मुद्दाम जोरात फुंकली.

साखराबाई आल्या. इरकल लुगडं, हातात कापडी पिशवी. थेट माझ्यासमोर.

"तूच का ती? किती बारीक हायस! आई जेवू घालत न्हाई का?"

मी डबा पुढे ठेवला. त्यांनी उलटा-सुलटा करून बघितला. शिवशंकर दुसरीकडे बघत होता.

"लई पांढरा झाला," एवढंच म्हणाल्या.

केरबाचीसुद्धा फुंकर थांबली. मी रिमोट त्यांच्या हातात दिला. उजवा अंगठा सरळ उडीच्या बटणावर जाऊन बसला! बघितलंच नाही खाली. मग एकदम चटका बसल्यासारखा रिमोट ठेवून दिला. "मला काय कळतंय ह्यातलं?"

त्या बाहेर पाणी प्यायला गेल्या. मी मागे गेले. जारपाशी दुसरं कुणी नव्हतं.

"काकू, उडीचं रबर नवं टाकलंय. जुनं पार झिजलं होतं. गोळीचं तसंच आहे."

त्या पदर तोंडाला लावून अशा हसल्या की हातातला पेला हिंदकळला.

"शंकऱ्याला सांगितलंस?"

"नाही."

"का गं? तुझ्यावर आळ आलाय ना?"

"ते तुमचं आहे. तुम्ही सांगायचं, नाही तर कुणीच नाही."

पेला हळूच जारवर ठेवला. मग बोलायला लागल्या, भिंतीकडे बघत.

"भूकंपानंतर नवं घर मिळालं. स्लॅबचं. मला स्लॅबखाली डोळाच लागायचा न्हाई. रात्र बसून काढायचे. दिवसा सगळी रानात, पोरगं शाळेत. भाजी टाकायचे न् हे लावायचे, आवाज बंद करून. ह्यातला माणूस पडतोय, पर परत उभा ऱ्हातोय. ते बघून बरं वाटायचं. कावळ्याला कशाला मारू? त्येनं काय केलंय माझं? सासूबाई होत्या. बाईमाणूस पोराच्या खेळण्यावर बसतंय म्हणून गावभर झालं असतं. पोरानं हळद बघितली, म्हणलं पूजा केली. त्याला लई आनंद झाला त्याचा. मग कसं सांगू?"

मला एकच प्रश्न सुचला.

"काकू, काळ्या ढगाच्या पुढे काय आहे?"

"हीर हाय की!" जसं काही बसस्टँडचा पत्ता सांगतायत. "समदे तिथं उडी मारत्यात न् मरत्यात. उडी मारायचीच न्हाई. गप उभं ऱ्हायचं. ढगच खाली नेतोय हिरीपाशी."

विहीर! आत आले तर अंबरीश आणि केरबा अजून राणीवरून भांडत होते. अंबरीशने मला विचारलं, "भार्गवी, तुझं तांत्रिक मत काय?" मी म्हटलं, मत नाही. आयुष्यात गप्प बसणं मला इतकं जड कधी गेलं नव्हतं.

निघताना शिवशंकर म्हणाला, "आई म्हणायली, डबा घरी घेऊन चल. कशाला म्हणून इचारलं तर बोलंना."

२१ मे

ग्रुपवर शिवशंकरचा फोटो. टीव्हीवर विहीर, काठावर टोपीवाला. पुढे जमिनीवर रिमोट. उडीच्या बटणावर ताजा पिवळा अंगठा.

खाली एवढंच – "भार्गवीताई, आई म्हणली, त्या पोरीला सांग, आता धुऊ नको."