ओळीची जात

५ जानेवारी, सोमवार

टक् टक् टक् टक्. शाळेतल्या गुरुजींची लाकडी पट्टी पत्र्याच्या पेटीवर, अजून कानात आहे. चार टक् झाले की अर्धी ओळ, आणखी चार की पुरी. सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून सगळा वर्ग ओरडतोय:

ज्याच्या दारी आले पाणी
त्याने व्हावे पहिला दानी

गुरुजींनी स्वतः रचलेलं. कुठं छापलं नाही, कुठल्या पुस्तकात नाही. आमच्या वर्गाबरोबरच मरणार असं धरून चाललो होतो.

आज संध्याकाळी ते थेट मोबाइलमधून आलं! जिल्हा परिषद गटाच्या निवडणुकीचं डिबेट होतं, कडा गावातल्या मंगल कार्यालयातून लाइव्ह. एका खुर्चीवर रमेशभाऊ, दुसरीवर आपली सुजाता. माझ्या वर्गातल्या लिंबाजीची पोरगी, आता वकील. नळयोजनेवरून जुंपली. रमेशभाऊ म्हणाले, लाइन आधी गावात येईल, वस्त्यांचं मागून बघू. तशी ही उभी राहिली आणि गुरुजींच्या ओळी म्हणाली. लिंबाजीनंच शिकवल्या असणार, दुसरं आहे कोण. डोळे पुसले, चष्मा पुसला.

फक्त घाईत 'त्यानेच व्हावे सर्वांत पहिला दानी' असं म्हणून गेली. सगळा ठेका मोडला. आठ आणि आठ मात्रांची ती ओळ, पादाकुलक जातीची. तिच्यात 'सर्वांत' घुसवायला जागाच नाही. राहवेना. व्हिडिओखाली लिहायची जागा असते तिथं एकेक अक्षर शोधून लिहिलं:

'ओळ छान म्हटलीस पोरी. पण जात चुकली.'

पाठवलं. जेवण गोड लागलं.

६ जानेवारी, मंगळवार

सकाळपासून फोन थरथरतोय. वाटलं, ओळी लोकांना आवडल्या. 'नाना एक नंबर.' 'नानांनी एका वाक्यात विषय संपवला.' 'वरच्या आळीचा वाघ.' खाली ज्वाळांची चित्रं. ओळखीचा एक चेहरा नाही, सगळ्यांनी स्वतःच्या जागी रमेशभाऊंचा फोटो लावलेला. मधेच दुसरे. 'म्हाताऱ्या, पोटातलं आलं का बाहेर?' 'असल्यांनीच पिढ्या शिकवल्या.' मी कुणाला शिकवलं? जन्म एस.टी. स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेला.

अवी आंघोळ करून आला, टॉवेलवरच हसायला लागला. माझा हा पोरगा रमेशभाऊंचा बूथ सांभाळतो.

"नाना, तुमी तर तोफच डागली की."

"कसली तोफ?"

"जात चुकली म्हणं! आख्ख्या गटात फिरतंय."

तेव्हा माझंच वाक्य मी परत वाचलं, दुसऱ्याच्या डोळ्यांनी. आम्ही वरच्या आळीचे. लिंबाजी विहाराजवळच्या वस्तीतला. त्याच्या पोरीला मी, भर सभेत, सगळ्यांसमोर...

अवीला सांगितलं, अरे, मात्रांवर चालणाऱ्या वृत्ताला व्याकरणात जाती म्हणतात. ओळीची जात. बाईची नाही.

"मला सांगितलं, झालं. दुसऱ्याला सांगू नका. आणि ते खोडू बी नका."

७ जानेवारी, बुधवार

सुनेकडून खोडून घेतलं. मंगल म्हणाली, "नाना, आता काय उपेग? लोकांनी फोटो काढून ठेवलाय त्याचा." दाखवला. माझं वाक्य, त्याच्या शेजारी माझा खाकी कपड्यातला फोटो, भोवती भगव्या-पिवळ्या रंगाची महिरप. लग्नपत्रिकेसारखी.

मग नीट खुलासा लिहिला. लघु-गुरू, मात्रा, आठावर थांबायचं, सगळं. दुपार गेली त्यात. उत्तरं आली:

'पादाकुलक समाज कोणत्या प्रवर्गात येतो?'
'त्यांना दाखला मिळतो का?'
'नाना, पादाकुलकांची आपल्या गटात किती मतं?'
'आठ आणि आठ.'

हसावं की रडावं. खरं सांगतो, आधी हसलो. मग एकानं गंभीरपणे विचारलेलं दिसलं, की पादाकुलक आपल्याकडून का त्यांच्याकडून. हसू गेलं.

लिंबाजीला फोन लावला. उचलला नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

रोज चारला स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही तिघं. मी, लिंबाजी, शेख मास्तर. आज तिसरा दिवस, लिं.ची खुर्ची रिकामी. पोऱ्यानं सवयीनं तीन कप ठेवले, तिसरा निवून गेला.

शेख मास्तर उर्दू शाळेत होते, शेर-गझलांचे दर्दी. त्यांना तरी कळेल म्हणून सगळं सांगितलं.

"आमच्यात म्हणतात बहर चुकली," मास्तर म्हणाले. "बहर! कसा शब्द हाय. ऐकणाऱ्याला वाटतं मोसंबीच्या बागेचं चाललंय. आन तुमच्यात जात? काय भाषा हाय बे तुमची?"

"मी केली का ती?"

"तुमी न्हाई केली. पण ह्या गावात कंचा शब्द कुठं सांडतो, ते एवढ्या उमरीत कळू नये?"

बशी पुसत बसले. मी एक जुनी गोष्ट काढली, वातावरण हलकं करायला. गुरुजी पहिल्यांदा हा भाग शिकवत होते. म्हणाले, "लिंबाजी, उभा राहा. जात सांग." वर्ग चिडीचूप. लिं. उभा. बराच वेळ तसाच. मग म्हणाला, "पादाकुलक, गुरुजी." आणि आम्ही सगळे जे हसलो! गुरुजी सुद्धा.

मास्तर हसले नाहीत. म्हणाले, चहा सांगू का अजून.

११ जानेवारी, रविवार

रमेशभाऊ स्वतः घरी. मागं पोरांचा घोळका, शाल, नारळ. पोरं एकामागून एक पाया पडली. माझा हात आपोआप वर जात होता. इतक्या माणसांनी मला निवृत्तीच्या दिवशीसुद्धा नमस्कार केला नव्हता. बरं वाटलं, हे लिहून ठेवतो. नंतर बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

"नाना, डिबेटचा दुसरा भाग हाय पुढच्या रविवारी. पहिल्या रांगेत बसा. बोलायचं काईच न्हाई."

"मग येऊन करू काय?"

"बसा फकस्त. लोकांना दिसला म्हंजे झालं."

मी म्हटलं, भाऊ, मी ते वृत्ताबद्दल लिहिलं होतं. ते म्हणाले, "माहीत हाय की मला. अवीनं सांगितलं." आणि शाल माझ्या खांद्यावर नीट केली. माहीत आहे! सगळं माहीत असून.

शाल उतरवून खुंटीला लावली. तिथून दिवसभर माझ्याकडं बघतेय.

१३ जानेवारी, मंगळवार

बाजारात सुजाता भेटली. प्रचाराची गाडी लांब उभी करून पायी फिरत होती, हातात पत्रकं. मला बघून पदर सावरला, लहानपणी ओढणी सावरायची तसाच. मी भररस्त्यात लघु-गुरू सुरू केलं. तिनं थांबवलं.

"काका, मला माहीत आहे. बाबांनी त्याच दिवशी सांगितलं. माझी ओळ चुकलीच होती."

एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, "मग पोरी, तूच सांगून टाक ना सगळ्यांना."

ती बघत राहिली. वकिलाचं बघणं.

"मी सांगू? लिहिलं तुमी, आन बचावाचे साक्षीदार बी मीच आणू? वस्तीतल्या पोरांना मी रोज थांबवतेय, काका. तुमच्या दारावर यायला निघाल्ती. तुमचं आठ-आठ त्यांना मी काय म्हणून समजावू?"

"लिहिला होता की खुलासा..."

"लिहिलेलं कोण वाचतं? जे वाचायचं ते वाचून झालं. रविवारी या. माईक मागा. उभं राहून बोला."

"अवी..."

"अवीदादाचं तुमी बघा."

पत्रक हातात देऊन गेली. पाणी, रस्ता, दवाखाना. छपाई स्वच्छ, एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

गटातल्या ज्या ज्या माणसानं आठवडाभर शिव्या घातल्या, त्या त्या माणसाकडून आज तिळगुळाचं चित्र. हलव्याचे दागिने घातलेलं बाळ हलतं त्यात. मी कुणालाच उत्तर दिलं नाही.

मनात भाषण जुळवतोय. स्टँडवर माइक हातात धरून आयुष्य काढलं, कधी अडखळलो नाही. अंभोरा, धानोरा, जामखेड... गावांची नावं सुद्धा एका लयीत पुकारायचो, बाया म्हणायच्या नाना गाडी पुकारत नाही, गाणं म्हणतो. आणि आता एक वाक्य जुळेना. 'मी जात म्हणालो ती...' इथंच लोक उठतील. 'मला जातीबद्दल बोलायचं नव्हतं...' त्याहून वाईट. तो शब्द टाळून सांगता येत नाही, आणि घेऊन सांगता येत नाही.

अंगणात येरझाऱ्या. मंगल म्हणाली, नाना, फरशी झिजंल.

१६ जानेवारी, शुक्रवार

धीर करून लिं.च्या घरी गेलतो. दारात बाज टाकून ऊन खात बसलेला, कानाला मफलर. बस म्हणाला नाही, सरकला मात्र. बसलो.

"दिग्या, फोन कावून करतोस सारखा?"

"तुला कळलं नव्हतं का रे, मी काय लिहिलं ते?"

"पहिल्याच वाचण्यात कळलं. 'सर्वांत' मला बी खटकलं. पोरीला घरी आल्यावर बोललो." मफलर सारखा केला. "पण गावाला दुसरंच कळलं, त्ये बी पहिल्याच वाचण्यात. एकानं तरी थांबून इचारलं का? तुला इचारायला आलं कुणी?"

कुणीच नव्हतं आलं. शाल घेऊन आले.

मग म्हणाला, "शेख मास्तर सांगत हुते, तू ती गोष्ट सांगितलीस. माझी. हसण्यावारी."

"अरे, सगळेच हसलो होतो. तू पण."

"मी बी हसलो. नंतर. आधी पाय कापत हुते, दिग्या. गुरुजी चांगला माणूस, तरी मला वाटलं, आज हे बी इचारायलेत. पादाकुलक मला पाठ हुतं. तोंडातनं निघंना."

इतकी वर्षं ती गोष्ट मी लग्नात, सहलीत, हॉटेलात सांगत आलो. तो शेजारी बसलेला असायचा. दर वेळी मान हलवायचा.

त्याची बायको शालन आत भांडी घासत होती. बाहेर आली नाही, पाणी सुद्धा त्यानंच आणून दिलं. निघताना म्हटलं, रविवारी मी उभा राहणार आहे. तो म्हणाला, "तुझं तू बघ." रागात नाही. थकून म्हणाल्यासारखं.

१७ जानेवारी, शनिवार

अवीला सांगितलं. कडाक्याचं भांडण. मंगल चुलीपुढं भाकऱ्या थापत राहिली.

"नाना, तुमी तिथं उठून तिच्या बाजूनं बोलला, तर मी गावात तोंड कुठं दाखवू?"

"तिच्या बाजूनं नाही रे. ओळीच्या बाजूनं."

"ओळ मतदान करती का?"

"अवी, ती मला काका म्हणते."

"आन मी काय म्हणतो तुम्हाला?"

जेवला नाही. गाडी काढून गेला. शाळेत असताना मधल्या सुट्टीत स्वतःचा डबा सोडून माझ्याकडं यायचा, तोच हा. स्टँडवर धावत यायचा, माझ्या टेबलावर बसून माइकमध्ये फुंकर मारायचा. कधी एवढा मोठ्यानं बोलायला लागला...

पण ठरलं. जाणार. शेख मास्तर स्कूटरवर नेतो म्हणाले. "तुमी बोला, मी वा-वा म्हणतो. न्हाई तर दोघं मिळून मार खाऊ."

१८ जानेवारी, रविवार

धुतलेला सदरा, टोपी. रमेशभाऊंची शाल खुंटीवरच. भाषण शेवटी एवढंच उरलं: पोरीनं ओळ म्हटली, मी चूक काढली, ती ओळीतली होती, तिच्यातली नव्हती. जे समजले ते चूक समजले, आणि ज्यांनी कळूनही न कळल्यासारखं केलं त्यांनी... पुढचं तिथं उभं राहिल्यावर सुचेल. सुचावं.

दार वाजलं. म्हटलं मास्तर लवकर आले.

मास्तर नव्हते. शालनवहिनी. लिं.ची बायको. एकटी, पायी आलेली, डोक्यावर घट्ट पदर. आमच्या दारात मी तिला कधी पाहिलेलं आठवत नाही.

"त्यांनी धाडलं न्हाई मला, भावजी. पोरीला बी ठावं न्हाई. माझी मी आले."

आत या म्हटलं. उंबऱ्याशीच थांबली.

"तुमी आज तिथं जाऊ नका."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, वहिनी, सुजातानंच बोलावलंय. तुमच्यावरचं ते निघून जाईल, मी सगळ्यांना नीट सांगणार आहे.

"काय सांगणार? पुन्यांदा त्योच शब्द घेणार न्हवं तोंडात? चांगल्यासाठी घ्या का वाईटासाठी. धा-बारा दिस झाले, गावात माझ्या लेकीचं दुसरं काईच कुणी बोलत न्हाई. तिला पाण्यावर बोलायचं हाय, भावजी. आज तरी तिला पाण्यावर बोलू द्या."

मंगल बाहेर आली, काही न विचारता तिचा हात धरला आणि तिला आत घेऊन गेली. आता स्वयंपाकघरातून दोघींचा हळू आवाज येतोय, कपबशी वाजतेय. मी खोलीत. उभ्या उभ्याच हे लिहितोय.

पोरगी म्हणते ये. आई म्हणते येऊ नको. दोघीही माझ्यासाठी म्हणत नाहीत, हे आता कळतंय.

बाहेर स्कूटर. शेख मास्तर हॉर्न वाजवतायत, "ओ नाना, निघायचं का?"

टोपी डोक्यावरच आहे. वहिनी अजून आत आहे, आणि मास्तरांना काय सांगायचं ते ठरत नाही.